एका नावाची दोन गांडुळं



नांदूरघाटला यायचं ठरलं तेव्हा विषय निवडायचं काम आयोजकांनी आमच्यावरच सोडलं होतं. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हटल्यावर गीता, वेदान्त, निदान संतविचार असं काहीतरी येईल, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही 'गांडूळ' म्हणालो. फोनवर क्षणभर शांतता. मग विचारणा झाली, "रूपक म्हणून का सर?" नाही हो, खरंखुरं गांडूळ. शेणात राहणारं, शेण खाणारं.

आज सकाळी केजहून इकडे येताना रस्त्याकडेच्या एका शेतात विटांचं टाकं दिसलं. वर पत्र्याचं छप्पर, भिंतीवर रंगानं लिहिलेलं 'गांडूळ खत प्रकल्प', त्यातलं 'गांडूळ' अर्धं पुसलेलं. आम्ही गाडी थांबवली. टाक्यात सरपण भरलेलं होतं आणि सावलीला एक शेळी बांधलेली. मालक तिथंच होते. म्हणाले, "आणली होती सर, दोन किलो. मरून गेली." कशानं मेली, असं विचारलं तर हसून म्हणाले, "साहेब म्हणले, तुम्ही निगा राखली नाही." ते हसणं आमच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आजचं बोलणं त्या एका वाक्याबद्दल आहे. निगा कुणाची राहिली, आणि कशाची राहिली?

आपल्या भाषेत गांडुळाची मोठी पंचाईत आहे. कणा नसलेल्या माणसाला आपण गांडूळ म्हणतो, आणि शाळेच्या पुस्तकात तेच गांडूळ 'शेतकऱ्याचा मित्र' असतं. रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत त्याला 'भूनाग' असं भारदस्त नाव आहे. परदेशी विद्वानांचीही तऱ्हा वेगळी नाही. अॅरिस्टॉटलनं गांडुळांना 'पृथ्वीची आतडी' म्हटलं, हे वाक्य गांडूळखताच्या प्रत्येक पुस्तिकेत सापडतं, जणू तो शेतीवर व्याख्यान देत होता. आम्ही आयुष्यभर अॅरिस्टॉटल शिकवला, म्हणून एवढं सांगणं भाग आहे. हे शब्द त्याच्याकडे आहेत खरे, पण येतात ते ईल माशाच्या जन्माबद्दल बोलताना. चिखलात आपोआप उपजणाऱ्या या 'आतड्यां'पासून ईल होतात, असं त्याचं म्हणणं होतं. नांगरणीचा, सुपीकतेचा तिथे मागमूस नाही. पण नाव चिकटलं की त्याखाली काय आहे, ते तपासायला कुणी जात नाही.

गांडुळाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते चार्ल्स डार्विननं. त्याचे मामा जोसाया वेजवूड यांनी आपल्या शेतातली एक गोष्ट त्याला दाखवली होती. कुरणावर पसरलेला चुना काही वर्षांत जमिनीखाली गेलेला दिसतो, आणि हे काम गांडुळांचं असावं. 1837 साली डार्विननं लंडनच्या भूगर्भशास्त्र सभेत त्यावर निबंध वाचला. मग 1842 च्या डिसेंबरात डाउन गावाजवळच्या एका शेतावर खडूचा चुरा पसरला, आणि 1871 च्या नोव्हेंबरात तिथे चर खणून पाहिला. खडूची पांढरी रेघ 7 इंच खाली गेली होती. एकोणतीस वर्षं थांबला हा माणूस! आमच्या विद्यापीठात कुणी एवढं थांबला असता तर त्याची पदोन्नती अडली असती. (हशा) 1881 साली त्याचं गांडुळांवरचं पुस्तक आलं, पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी 10 टनांहून अधिक माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशेब होता. घरात कुंड्यांत गांडुळं ठेवून त्यांच्यापुढे पियानो वाजवून पाहिला, शिट्टी फुंकून पाहिली. ऐकू येत नाही, पण कुंडी पियानोवरच ठेवली तर कंप कळतो, हे त्यानं नोंदवलं. पान बिळात ओढताना ती निमुळतं टोक निवडतात, यावरून त्यांना थोडी अक्कल असावी, असंही त्यानं मांडलं. आमच्यासारख्यांना ते प्रकरण फार आवडतं, पण आज तिकडे जायला नको.

आज एवढंच ध्यानात ठेवा की डार्विनचं गांडूळ मातीतलं होतं. बीळ करणारं, पान खाली ओढणारं, माती वर आणणारं.

आता दुसरं. 1826 साली साव्हिन्यी नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं एका लालसर, पट्टेदार गांडुळाला नाव दिलं, त्यातला 'फेटिडा' हा शब्द आजही टिकून आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दुर्गंधी. डिवचलं की हे गांडूळ वास मारणारा पिवळा द्रव सोडतं. आजचं त्याचं पूर्ण नाव आयसेनिया फेटिडा. ते सापडतं कुठे? शेणाच्या ढिगात, घोड्याच्या लिदीत, कुजक्या पाल्यात. साध्या मातीत ते सहसा राहत नाही. खोल बीळ करत नाही, माती फारशी खात नाही. शेण हे त्याचं जेवण आणि शेण हेच त्याचं घर. आपल्याकडे टाक्यांसाठी जी विकली जातात ती बहुतेक हीच, नाहीतर पश्चिम आफ्रिकेतली युड्रिलस युजेनी, नाहीतर आपल्या देशातली पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. तिघांची जात वेगळी, सवय एकच. वरच्या वर, सेंद्रिय पदार्थात राहायचं.

मार्सेल बूशे या फ्रेंच संशोधकानं 1970 च्या दशकात गांडुळांची राहणीप्रमाणे वाटणी केली. वरच्या थरात राहणारी, मातीच्या आत आडवी बिळं करणारी, आणि खोल उभ्या बिळांत राहून अन्नासाठी वर येणारी. पण प्रचाराच्या पत्रकांत ही वाटणी पोचली नाही. पत्रकात गुणगान डार्विनच्या गांडुळाचं, आणि पिशवीत भरून दिलं साव्हिन्यीचं. शेतकऱ्यानं ऐकलं की हा मित्र जमीन नांगरतो. त्यानं काय केलं? चैत्रात काळ्या रानात भेगा पडलेल्या असताना दोन ओंजळी सोडल्या. आपल्या रानातली मूळची गांडुळं उन्हाळ्यात खोल जातात, अंगाची गुंडाळी करून पावसाची वाट पाहतात. त्या पाहुण्यांना ते येत नाही. ती मेली. मग मित्र खोटा ठरला, नाहीतर शेतकरी आळशी. तर्कशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना शिकवायचो की एकच शब्द दोन अर्थांनी वापरून काढलेला निष्कर्ष बाद समजावा. परीक्षेत त्याचे दोन गुण जातात, इथे माणसाचं बियाणं आणि भरवसा जातो.

आम्हीही काही शहाणे नव्हतो. निवृत्तीनंतर घरामागे कुंडी बांधली. गवळ्याकडून ताजं शेण आणलं, भरलं, वर गांडुळं सोडली, गोणपाट टाकलं आणि समाधानानं झोपलो. सकाळी बघतो तो निम्मी भिंतीवर चढलेली, काही फरशीवर वाळलेली, बाकीची आत शिजलेली. ढिगात हात घातला तर चटका बसला. ताजं शेण ढीग करून ठेवलं की तापतं. त्यात मूत मिसळलेलं असलं तर अमोनियाची वाफ धरते. आम्ही त्यांना जेवण दिलं, पण त्याच जेवणात त्यांना राहायचं आहे, हे आमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही आम्ही ताटातून उठून जाऊ शकतो. हे गांडूळ ताटातच झोपतं.

तेव्हा गांडूळखताचा इतिहास सांगायचा तर तो गांडुळाचा कमी, शेणाचा जास्त सांगावा लागतो. आणि शेणाचा इतिहास म्हणजे ते कुणाच्या हातात होतं आणि कुठे गेलं, याचा.

'कृषिपराशर' या जुन्या संस्कृत ग्रंथात सांगितलंय की माघात खताच्या ढिगाची पूजा करावी, तो कुदळीनं उकरावा, उन्हात वाळवून चूर्ण करावं, फाल्गुनात शेतोशेती खड्ड्यांत घालावं. आपल्याकडे दिवाळीत उकिरड्यावर पणती ठेवतात, पाडव्याला शेणाचा गोवर्धन करतात, ते याच घराण्यातलं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपण म्हणतो. म्हणजे ढिगाला मान होता. पण तो मान देताना ढीग करणाऱ्या बाईला कुणी पणती दाखवली, असं आम्हाला आढळलं नाही. शेण काढणं, पाट्या वाहणं, गोवऱ्या थापणं हे काम तिचं. ढीग मात्र शेतमालकाचा.

महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883 सालचा, डार्विनच्या पुस्तकानंतर दोन वर्षांचा. डार्विन सुपीक मातीचा थर कसा तयार होतो ते मोजत होता, जोतीराव तो कसा वाहून जातो ते सांगत होते. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जनावरांचा अंश पावसाबरोबर शेतात यायचा. जंगल खात्यानं राखीव जंगलं केली, गुरं चारायची बंद झाली, गुरं घटली, खत घटलं. बांध घाला, माती धरून ठेवा, असा त्यांचा आग्रह. मग जॉन ऑगस्टस व्होएल्कर नावाचे रसायनज्ञ सरकारनं विलायतेतून धाडले. 1893 च्या त्यांच्या अहवालात एक प्रामाणिक गोष्ट आहे. हिंदुस्थानचा कुणबी शेण जाळतो तो अडाणी म्हणून नव्हे, त्याला सरपण नाही म्हणून. सरपणाची आणि चाऱ्याची राखीव रानं करा, शेण आपोआप शेतात जाईल. म्हणजे 'निगा राखली नाही' या आरोपाला सव्वाशे वर्षांपूर्वी एका साहेबानंच उत्तर देऊन ठेवलंय.

पुढचा टप्पा इंदूरचा. होळकरांच्या राज्यात 1924 ते 1931 अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह काम केलं. शेतातला सगळा काडीकचरा, थोडं शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख, पाणी, हवा आणि ढिगाची उलथापालथ. हेच ते इंदूर खत. 1931 साली दोघांच्या नावावर पुस्तक निघालं. पुढे गौरव झाला तो हॉवर्डसाहेबांचा. वाडांचं नाव मराठी माणसालाही सांगावं लागतं, म्हणून इथे मुद्दाम घेतलं. त्या ढिगाचं तापमान सुरुवातीला 65 अंशांपर्यंत जातं, म्हणजे तिथे गांडूळ टिकणंच शक्य नाही. ढीग निवाल्यावर ते आपल्या पायांनी, म्हणजे पाय नसताना, येतं. आणि याच हॉवर्डनी 1945 साली डार्विनच्या गांडुळाच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. ढीग आणि गांडूळ यांची गाठ तिथे पडली.

गाईगुरांच्या शेणावर गांडुळं पद्धतशीर पोसून पाहिली ती इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडला, 1980 च्या दशकात, क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गंमत बघा, रोथॅमस्टेड ही 1843 पासून चालत आलेली जागा, ती स्थापणाऱ्या लॉज यांनीच सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलेलं. रासायनिक खताच्या माहेरघरी शेणातली गांडुळं मोजली गेली. गाईचं शेण सोपं, डुकरांचंही चालतं, कोंबडीची विष्ठा मात्र ताजी दिली तर अमोनिया आणि क्षारांनी गांडुळं मरतात, हे तिथे पक्कं झालं.

त्याच सुमारास महाराष्ट्रात तीन माणसं तीन वाटांनी निघाली होती. पुसदचे नारायण पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेप काका म्हणत, त्यांनी प्रश्न नेमका पकडला. शेण कमी आहे, हे धरूनच चला. त्यांच्या 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच जाळीदार विटांच्या टाक्यात शेण लागतं फक्त 90 ते 100 किलो. बाकी चौदा-पंधराशे किलो काडीकचरा आणि त्याहून जास्त माती. आमच्या मते ही कोरडवाहू माणसाची खरी युक्ती होती. पुण्यात उदय भवाळकर यांनी फेरेटिमा इलोंगाटा या खोल बिळं करणाऱ्या गांडुळावर काम केलं. (धृपद गाणारे उदय भवाळकर वेगळे. बघा, एका नावाची दोन माणसं असतात, तिथे आपण घोटाळा करत नाही.) गांडूळ जमिनीतच नांदवावं, असा त्यांचा रोख. आणि तिसरे अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर. ते तर टाक्यातल्या विदेशी गांडुळाला गांडूळ मानायलाच तयार नाहीत. एकरी 10 किलो शेणाचं जीवामृत द्या, आच्छादन करा, देशी गांडूळ खालून वर येईल, असं ते सांगतात. विदेशी गांडुळावर त्यांनी विषाचे जे आरोप केले ते आम्हाला पटत नाहीत, अतिरेकी वाटतात. पण ही दोन वेगळी जनावरं आहेत, हे त्यांनी गावोगाव ठणकावून सांगितलं, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

नंतर योजना आल्या. टाकी आली, प्लॅस्टिकचे बेड आले, गांडुळं आली. शेण कुठून येणार, हा रकाना कुठल्या अर्जात होता का?

आता नांदूरघाटकडे वळू. बालाघाटच्या या पट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की काय होतं, ते आम्ही तुम्हाला काय सांगावं! उचल घेतलेली असते, कोयते निघतात. ज्यांची बैलगाडी आहे त्यांचे बैलही निघतात. एक बैल दिवसाला 10 किलो ओलं शेण टाकतो, असं धरा. जोडीचं 20 किलो. सहा महिन्यांचे 180 दिवस. साडेतीन टनांच्या वर शेण, एका जोडीचं, इथल्या मातीतल्या कडब्यावर आणि तिकडच्या वाढ्यांवर पोसलेल्या बैलांचं, सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर, कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या मागं पडतं. माणसांच्या स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं. पण त्यांच्याबरोबर या गावाचं खतही गाव सोडून जातं, हे आम्ही कुठे नोंदलेलं वाचलं नाही. कार्तिक ते फाल्गुन, म्हणजे गारव्याचे जे महिने या गांडुळाला सगळ्यात मानवतात, नेमके त्याच महिन्यांत गोठा रिकामा. बैल पाडव्याच्या आसपास परत येतात तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो. पस्तीसच्या वर हे गांडूळ तग धरत नाही. टाक्याला तेव्हा शेण मिळतं, पण पाणी नाही. आणि आता तर बैलांच्या जागी ट्रॅक्टर आलाय, त्याच्यामागं पाटी घेऊन फिरून काय मिळणार?

2019 च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा उलट चित्र पाहिलं. गुरं एका जागी, शेण ढिगांनी. पण टँकरच्या पाण्यावर जनावर जगवायचं की गांडूळ, असा प्रश्न विचारण्याची तेव्हा कुणाची हिंमत नव्हती, आमचीही नव्हती.

धनगर मेंढरं घेऊन येतात, तेव्हा आपण त्यांना रानात बसवून घेतो आणि वर धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे लेंडी आणि मूत यांची किंमत आपल्याला पक्की ठाऊक आहे. जे खत चालत येतं त्याला आपण मोल देतो. घरात जे पडतं त्याची मोजणीच नाही, कारण ते काढणारीच्या श्रमाची मोजणी नाही.

सकाळच्या त्या मालकांना आम्ही विचारलं, गांडुळं आणली तेव्हा दावणीला किती जनावरं होती? "बैलं कारखान्याला गेलेली. म्हैस होती, ती लेकीच्या लग्नात विकली." मग टाक्यात काय भरलं? "उसाचं पाचट, निंबाचा पाला आणि दोन पाट्या शेण, शेजाऱ्याचं." बस्स. निगा राखायला त्यांच्याकडे होतं काय? गांडूळ उपाशी मेलं आणि बेघरही मेलं, दोन्ही एकाच कारणानं.

इथे समोर बसलेल्या एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. 'आमच्याकडं गाय-बैल नाही, चार शेळ्या आहेत. लेंड्यांवर गांडूळ जगतं का?'

जगतं, बाई. आणि हा प्रश्न आम्हाला आजच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ऊसतोडीला न जाणाऱ्या किंवा घरी राहिलेल्या बाईजवळ बाराही महिने जे जनावर असतं ते शेळी. लेंडी कडक असते, वरून सुकलेली, गांडुळाला तिच्यात तोंड घालता येत नाही. म्हणून आधी दोन-चार दिवस पाण्यात भिजू द्या, मग काठीनं किंवा पायानं फोडा. शेळ्यांनी टाकलेला पाला, काड्या, ज्वारीच्या कडब्याचं बाटूक बारीक करून त्यात मिसळा. मिळालं तर शेजारचं पाटीभर शेण कालवा. ढीग करून सावलीत पंधरा दिवस ठेवा, मधून हलवा, ओल राखा. आत हात घालून गार लागला म्हणजे काम झालं. तरी सगळी गांडुळं एकदम सोडू नका. डबाभर माल घ्या, त्यात पन्नास सोडा, वर ओलं गोणपाट टाका. दुसऱ्या दिवशी ती खाली शिरलेली असली तर घर त्यांना पसंत आहे. वर चढून कडेला आली असतील तर अजून आठवडाभर थांबा. शेळ्यांना जंताचं औषध पाजलं असेल तर त्या दिवसांतल्या लेंड्या वेगळ्या ठेवाव्यात. जंत मारणारं औषध गांडुळाला काय ओळखणार?

टाकं नको. झाडाखाली चार विटांचा वाफा पुरे, पण कोंबड्या आणि मुंग्या यांच्यापासून जपा. मूठ आवळली की बोटांच्या फटींतून थेंब दिसावा, गळू नये, एवढी ओल. महिना-दीड महिन्यात वरचा थर चहाच्या पुडीसारखा दाणेदार होईल. तो गोळा करून उन्हात शंकूसारखा ढीग करा, गांडुळं उजेडाला भिऊन आपोआप तळाला जातात, वरचं खत काढून घ्या. तळातली परत नव्या लेंड्यांत सोडा.

गांडुळं कुठून आणायची, हेही त्यांनी खाली लिहिलं आहे. विकत नको. पावसाळ्यात जुन्या उकिरड्याच्या कडेला, ओल्या पाल्याखाली खुरप्यानं उकरून बघा. लालसर, चपळ, बोटाएवढी सापडली तर ओंजळभर घ्या. मातीतली फिकट, संथ, जाड असतील ती तिथेच राहू द्या. त्यांचं काम रानात आहे.